कोऱ्या कापडाचा वास

आत्या खुर्चीत बसली आणि दोन मिनिटांत उठली. पाण्याचं भांडं ठेवायचं निमित्त करून आत गेली आणि परत आली ती थेट खिडकीपाशी, लाकडी स्टुलावर टेकली. पाठीला आधार नाही, पाय नीट टेकत नाहीत, अशा त्या स्टुलावर ती पुढचा तासभर गुडघे चोळत, गप्पा मारत बसून राहिली. "अगं, तिकडे काय बसलीस? खुर्चीत बस ना," मी दोनदा म्हटलं. "असू दे गं, इथे वारा येतो," ती म्हणाली. ती बाबांची खुर्ची. बाबा गेल्यावर बरेच दिवस कोणी तिच्यात बसत नव्हतं, आणि मग एके दिवशी मीच मनाचा हिय्या करून ती नव्या कापडाने मढवून घेतली होती. निळ्या जमिनीवर बारीक पानांची नक्षी, डाग धरत नाही, चुरगळत नाही असं जाड सुती कापड. आत्याला ती दाखवायची मला केवढी हौस होती. तिने कौतुकही केलं, खुर्चीच्या हातांवरून हात फिरवला, शिवण बघितली. आणि मग ती स्टुलावर जाऊन बसली.

ती गेल्यावर मी त्या खुर्चीत बसून पाहिलं. मला काहीच जाणवलं नाही. तेच मला रात्री उशिरापर्यंत टोचत राहिलं.

खुर्ची घरी आली तेव्हा तिला वास होता, हे मला आठवत होतं. पहिले तीन-चार दिवस मी खिडक्या उघड्या ठेवल्या, पंखा लावला. कारागिराला विचारलं तर तो म्हणाला, "नवीन आहे म्हणून. आठ दिवसांत उडून जाईल." आठव्या दिवशी तो वास खरंच गेला, निदान मला तसं वाटलं. आता कळतं की वास तिथेच होता, गेलं होतं ते माझं नाक. तोच वास सतत येत राहिला की नाकातल्या पेशी त्याची वर्दी द्यायचं कमी करतात, आणि मेंदूही ती वर्दी बाजूला सारतो. माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक, म्हणजे वासाचे रेणू पकडणारी प्रथिनं, असतात. त्यांच्यामागची जनुकं शोधून काढल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना 2004 साली नोबेल मिळालं. इतकी बारीक यंत्रणा, पण रोजच्या सोबतीला राहिलेल्या वासापुढे ती गप्प होते. म्हणून दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तीन तास बाहेर काढले. परत आल्यावर चपलासुद्धा न काढता सरळ खुर्चीपाशी गेले, गुडघ्यांवर बसले, नाक शिवणीपाशी नेलं आणि बसायची गादी दोन्ही तळहातांनी दाबली. गादीने उसासा टाकावा तशी आतली हवा बाहेर आली. तिच्यासोबत तो आला. आधी किंचित गोडसर, मग ओलसर, मग घशाच्या मागे जाऊन बसणारा. खोलीत उभ्या असलेल्या माणसाला तो कळणारच नव्हता. बसणाऱ्याच्या वजनाने आणि अंगाच्या उबेने भपकारा उठणार, आणि तो त्याच्याच नाकाशी येणार. आत्याच्या नाकाशी आला होता तसा.

वशाट. हा शब्द मनात आला आणि मला बरं वाटलं, कारण वासाला नाव मिळालं की तो निम्मा हाती लागतो.

आपल्या भाषेत वासांना शब्दांची उणीव नाही. कुबट, कोंदट, आंबूस, खवट, मातकट, करपट, उग्र, हिवस. पण हे सगळे शब्द स्वयंपाकघरातून, गोठ्यातून, पावसातून आलेले आहेत. कारखान्यातून आलेल्या वासाला आपल्याकडे वेगळं नाव नाही, आपण नुसतं "नव्याचा वास" म्हणतो. आणि नव्याचा वास म्हटलं की तक्रार करायची सोयच उरत नाही, कारण लहानपणापासून नवं म्हणजे चांगलंच. कोऱ्या कापडाचा वास मला अजूनही आवडतो. शाळा सुरू होण्याआधी शिंप्याकडून आलेला गणवेश मी उशाशी घेऊन झोपायचे. कडक, थोडा पिठूळ, थोडा इस्त्रीच्या वाफेचा असा तो वास. त्यातला पिठूळपणा खळीचा असायचा. मागावर ताणलेले उभे धागे घासून तुटू नयेत म्हणून त्यांना खळ देतात, आणि ती पुरती धुतली गेली नाही की कापडात राहते. एका धुण्यात तो वास जायचा आणि मला वाईट वाटायचं. नव्याच्या वासाबद्दलचा हा जिव्हाळा माझ्यात इतका मुरलेला की खुर्चीचा वास आला तरी मी त्याला वाईट म्हणायला तयार नव्हते.

शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती मी कोणाजवळ बोलले नव्हते. खुर्ची उघडली तेव्हा मी तिथे हजर होते. कारागिराने जुनं कापड उसवायला सुरुवात केली, खिळे एकेक करून उपटले, आणि आतले थर दिसू लागले: काळपटलेला कापूस, त्याखाली गोणपाट, त्याखाली तागाच्या पट्ट्यांची वीण. त्या पट्ट्यांना इतक्या वर्षांनंतरही तेलकट वास होता. ताग कडक असतो, सूत कातण्याआधी त्याला तेल-पाणी देऊन मऊ करावं लागतं. 1830च्या दशकात स्कॉटलंडमधल्या डंडीत तागाच्या गिरण्यांनी जोर धरला तो व्हेल माशाचं तेल वापरून, कारण ते तिथल्या बंदरात आयतं मिळायचं. पुढे खनिज तेलं आली, पण तागाचा तेलकट वास काही गेला नाही. म्हणजे बाबांच्या खुर्चीलाही ती कोरी होती तेव्हा वास असणारच. कधीतरी आजीने नाक मुरडलं असेल, खिडकी उघडली असेल. मग बाबा तिच्यात बसत गेले, आणि त्यांच्या केसांच्या तेलाचा, मानेच्या घामाचा, मांडीवर पसरलेल्या वर्तमानपत्राचा वास त्या वासावर चढत गेला. कापड फाटून फेकायच्या लायकीचं झालं होतं. मी कारागिराला खुर्चीच्या उजव्या हाताच्या टोकाचा वीतभर तुकडा कापून द्यायला सांगितलं. त्याने का म्हणून विचारलं नाही. तुकडा कागदात गुंडाळून दिला.

तर असा हा वास, आणि त्याच्याशी मी आधी सगळं चुकीचं वागले. पहिल्यांदा सुगंधी फवारा मारला. वास मेला नाही, फुलांच्या वासाखाली तसाच दबून राहिला, आणि दोन्ही मिळून असं काही झालं की डोकं दुखायला लागलं. फवाऱ्याने केलं एवढंच की आता मूळ वास ओळखणंही अवघड झालं. मग खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवला आणि सकाळी झटकला. ढिम्म फरक नाही. त्याचं कारण मला नंतर कळलं. सोडा चालतो तो आंबूस, आम्लधर्मी वासांवर, आणि माझ्या खुर्चीतला वास त्या घरचा नव्हताच. कोळशाच्या पिशव्या ठेवल्या. सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये इतकी छिद्रं असतात की त्यांचा आतला पृष्ठभाग 500 चौरस मीटरच्याही पुढे जातो, आणि वासाचे रेणू तिथे चिकटून बसतात. पण ते हवेतून त्याच्यापर्यंत पोचले तर. मोठ्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेली मूठभर पिशवी गादीच्या पोटातला वास ओढून घेत नाही. खुर्ची मोठ्या बंद पिशवीत घालून कोळसा आत ठेवला असता तर गोष्ट वेगळी होती. कोणीतरी ओझोन सोडणारं यंत्र आणायला सांगितलं, तेवढं मात्र मी ऐकलं नाही. ओझोन फुप्फुसांना वाईट, रबर आणि धागेही तो खातो, आणि हवेतल्या दुसऱ्या वाफांशी त्याची क्रिया होऊन त्यातून फॉर्माल्डिहाइड नावाचा घातक वायू नव्याने तयार होऊ शकतो.

मग मी ठरवलं की आधी वास नेमका कशाचा आहे ते शोधायचं. कापाकापीतून उरलेलं कापड आणि नव्या गादीच्या फोमच्या कातरणी मी कपाटात ठेवल्या होत्या. झाकणाच्या चार काचेच्या बरण्या घेतल्या, उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवल्या. पहिलीत कापडाचा कोरडा तुकडा. दुसरीत तेवढाच तुकडा, पण पाण्याचा हात लावून दमट केलेला. तिसरीत फोम. चौथी रिकामी, कारण झाकणातल्या रबरालाही वास असतो आणि तो कापडाच्या माथी मारायचा नव्हता. चारही बरण्या रात्रभर उबदार जागी ठेवल्या. कापडउद्योगात याच्याच जवळची एक चाचणी रीतसर करतात: बंद बरणीत तळाशी पाणी, त्यावर पाण्याला न लागेल असा टांगलेला कापडाचा तुकडा, 49 अंश सेल्सियसला 20 तास, आणि मग पाण्यात फॉर्माल्डिहाइड किती उतरलं ते मोजायचं. माझ्याकडे मोजायला काही नव्हतं. नाक होतं, पण त्याच्यावर माझा आता विश्वास उरला नव्हता. म्हणून सकाळी शेजारची कॉलेजला जाणारी मुलगी दाराशी दिसली तिला आत बोलावलं, कशात काय आहे ते न सांगता बरण्या पुढे केल्या. पहिलीला ती म्हणाली, "कापड?" तिसरीला, "नवीन बूट." चौथीला, "काही नाही." दुसरीचं झाकण काढलं आणि तिने मान मागे घेतली. "काकू, हे माशांच्या टाकीचं पाणी आहे का?"

सुकं कापड मुकं होतं, आणि ओलं झाल्यावर बोलत होतं.

याच खुणेवरून पुढचं उलगडलं. सुती कापड चुरगळू नये म्हणून त्याला राळेसारख्या रेझिनची प्रक्रिया करतात, आणि त्यातल्या बऱ्याच रेझिनांच्या मुळाशी फॉर्माल्डिहाइड असतं. ही प्रक्रिया भट्टीत नीट पक्की झाली आणि नंतर कापड धुतलं गेलं तर फारसं काही उरत नाही. घाईत झाली, भट्टी कमी पडली, धुणं वाचवलं, की अर्धवट राहिलेल्या रसायनांतून अमाइनं नावाची उग्र वासाची रसायनं सुटतात. माशाला जो वास असतो तोही एका अमाइनाचाच, ट्रायमिथाइलअमाइनचा. दमटपणा आणि ऊब मिळाली की ती बाहेर पडतात, म्हणून दमट दिवशी आणि माणूस बसल्यावर वास उठतो. खुद्द फॉर्माल्डिहाइडचा वास असा नसतो. तो तीक्ष्ण असतो, डोळ्यांना आणि नाकाला चुरचुरतो. ते उणे 19 अंशालाच उकळतं, म्हणजे आपल्या घरात ते वायू म्हणूनच वावरतं, आणि 2004 सालीच कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ते माणसाला कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं. जपानने तर 1973च्या कायद्यानेच तान्ह्या बाळांच्या कपड्यांत एका किलोला 16 मिलिग्रॅम आणि अंगाला लागणाऱ्या मोठ्यांच्या कपड्यांत 75 अशी मर्यादा घातली. कापडांना स्वेच्छेने घ्यायचं ओको-टेक्सचं प्रमाणपत्र 1992पासून मिळतं. त्यात पडदे, खुर्च्या-सोफ्यांची कापडं यांना 300पर्यंत मुभा आहे, कारण ती अंगाला लागत नाहीत असं धरलंय. हे वाचून मी थांबले. बाबा उघड्या हातांनी, मान मागे टाकून, तासन्‌तास त्या खुर्चीत झोपायचे. अंगाला लागत नाही असं कोणाला वाटलं असेल?

डोळे चुरचुरले असते तर मी कापड उतरवून परत केलं असतं, आणि कोणालाही तेच सांगेन. खुर्च्यांच्या बाबतीत हयगयीचे परिणाम युरोपने पाहिलेत. कातडी सोफ्यांना बुरशी लागू नये म्हणून आत डायमिथाइल फ्युमरेटच्या पुड्या भरलेल्या होत्या, बसणाऱ्यांच्या पाठी-मांड्या भाजल्यासारख्या सोलवटल्या, आणि 2009 साली युरोपीय संघाला ते रसायन असलेल्या वस्तूंवर बंदी घालावी लागली. माझ्या खुर्चीत तसं काही नव्हतं. होती ती नीट न धुतलेल्या कापडाची आणि कोणाच्या तरी घाईची खूण. ती मला धुता येण्यासारखी होती. अमाइनं अल्कधर्मी, त्यामुळे त्यांना आम्ल लागतं. आम्लाशी गाठ पडली की त्यांचं मीठ होतं, आणि मीठ उडत नाही, पाण्याबरोबर निघून जातं. नमुन्याच्या पुस्तकात कापडाच्या पाठीमागे डब्ल्यू हे अक्षर होतं, म्हणजे पाणी चालतं. एस असतं तर पाणी चालत नाही, फक्त कोरडं द्रावण, आणि एक्स असेल तर ब्रशने झटकण्यापलीकडे काही करायचं नाही. तरी उरलेल्या तुकड्यावर पेनने दहा सेंटिमीटरचा चौकोन आखला, पांढऱ्या व्हिनेगरचा एक भाग आणि गार पाण्याचे चार अशा मिश्रणात अर्धा तास बुडवून ठेवला, मग साध्या पाण्यातून चार वेळा काढला. हे चार वेळा काढणं महत्त्वाचं, कारण आम्ल कापडात राहिलं तर तेच पुढे रेझिन फोडत बसतं आणि आणखी फॉर्माल्डिहाइड सुटतं. वाळल्यावर मोजलं. उभ्या धाग्याच्या दिशेने चौकोन 9.6 भरला, आडवा 9.9. रंग गेला नव्हता. दमट करून बरणीत घातला, तर माशांची टाकी गायब झाली होती.

शंभराला चार म्हणजे पंचावन्न सेंटिमीटरच्या गादीला दोन सेंटिमीटरहून जास्त. गादीच्या खोळीची चेन कापड चढवायच्या सोयीसाठी असते, काढून धुण्यासाठी नव्हे, हे मला तेव्हा समजलं. शिवायच्या आधी कापड पाण्यातून काढलं असतं, आटायचं तेवढं आटू दिलं असतं, तर वासही गेला असता आणि मापही चुकलं नसतं. जुने शिंपी हे न सांगता करायचे. मी तरीही खोळ काढली, धुतली, सावलीत दोन दिवस वाळवली, कारण उन्हाने निळा उतरला असता. पाठ आणि हात खिळलेले, ते उतरवता येत नव्हते. आतला कापूस भिजला असता तर कुबट वासाची नवी भर पडली असती, म्हणून फडकं व्हिनेगरच्या पाण्यात घट्ट पिळून पुसलं, मग साध्या पाण्याने, मग पंख्याखाली ठेवलं. असं दिवसाआड पाच वेळा. खोळ परत चढवताना फोम मुडपून, दाबून, चेनचे दोन्ही काठ बोटांनी ओढून धरावे लागले. कोपऱ्याला चुण्या पडल्या त्या अजून आहेत.

ज्या दिवशी हे सगळं झालं त्या संध्याकाळी मी कपाटातला कागद उघडला. बाबांच्या खुर्चीचा वीतभर तुकडा. उरलेल्या नव्या कापडाच्या घडीशेजारी, एकाच खणात, दोन महिने ठेवला होता मी. नाकाशी नेला आणि हात तसाच राहिला. माशांच्या टाकीचं पाणी. कापड वास सोडतं तसा पितंही, हे मी इतकं वाचलं होतं, आणि माझ्याच कपाटात ते मला सुचलं नव्हतं. त्याला व्हिनेगर लावायचं म्हणजे बाबांचा वासही धुवायचा. धुणं निवड करत नाही. मी खूप वेळ खणाच्या दाराला टेकून उभी राहिले. मग एवढंच सुचलं की अमाइन चटकन उडणारं, आणि केसांचं तेल, त्वचेची चरबी हे जड, हळू उडणारं. नुसतं वाऱ्यावर ठेवलं तर आधी जाईल ते नवं, राहिलं तर जुनं राहील. खिडकीपाशी दोरी बांधून, उन्हाची तिरीप लागणार नाही अशा बेताने, तो तुकडा लाकडी चिमट्याने टांगला. रोज सकाळी हुंगायचे. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर मला काहीच कळेनासं झालं. वास गेला की माझं नाक, आणि गेला असेल तर कोणता?

मग मी आत्याला फोन केला आणि आधी ते विचारलं जे त्याच दिवशी विचारायला हवं होतं. ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "घशाशी आलं गं एकदम. तू इतक्या हौसेने दाखवत होतीस, काय बोलणार?"

पुढच्या आठवड्यात ती आली. खुर्चीत बसली, मागे रेलली, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. मी समोर उभी. "येतो थोडा अजून," ती म्हणाली, "पण टोचत नाही आता." मी दोरीवरचा तुकडा काढून तिच्या हातात दिला, काय आहे ते सांगितलं नाही. तिने तो उलटसुलट करून पाहिला, कडेच्या झिजलेल्या धाग्यांवरून अंगठा फिरवला, आणि मग नाकाशी नेला. डोळे मिटले. मला विचारायचं होतं, काय येतंय, कोणाचा येतोय. विचारलं नाही. तिने तो खाली घेतला तो मुठीतच धरून ठेवला, आणि भलतंच काहीतरी बोलायला लागली, गुडघ्यांचं, हवेचं, कोणाकोणाचं. अंधार पडेपर्यंत ती त्या खुर्चीतून उठली नाही. निघताना दाराशी तिने पिशवीची चेन उघडली, तुकडा आत ठेवला आणि चेन ओढली. मी परत मागितला नाही.